चंदेरी पानांची धुलाई

दिवाळीनंतर दिपालीने कशेळीच्या नर्सरीतून तीन कुंड्या आणल्या. पानं चंदेरी, झाड वर्षानुवर्षं टिकणारं, आणि फुलं वाळवली की वर्षभर तशीच. नर्सरीवाल्याने सांगितलेलं नाव मात्र रिक्षा घरी, कामतघरला, पोचेपर्यंतही टिकलं नाही. गुढीपाडव्याला याच फुलांचं तोरण दाराला लावीन, असं ती सासूला, राहीबाईंना, बोलून बसली होती. राहीबाई हसल्या नाहीत. तेच वाईट होतं.

पहिलं झाड आठवड्यात कुजलं, दुसरं पंधरा दिवसांत. दिपाली पाणी घालायची ते फक्त रविवारी. मग माती रोज ओली कशी? तिने टाकी तपासली, पाइप तपासला, शेजारच्या मांजराकडे संशयाने पाहिलं. मांजरानेही तिच्याकडे तसंच पाहिलं.

शेवटी एका सकाळी ती गच्चीवर टाकीमागे दबा धरून बसली. बादली आणि फडकं घेऊन सासरे आले. केसरीनाथांनी तीस वर्षं कापडाचा लूम चालवलेला. तिसऱ्या कुंडीपुढे मांडी घालून ते एकेक पान ताटासारखं धुऊन पुसू लागले.

"बाबा, काय करताय?"

"तूस काढतो हाय. तीन हप्ते झाले, हिरवा रंग काय दिसत न्हाय."

खालच्या लूममधून उडणारं कापसाचं तूस या घरात तुळशीवर, टीव्हीवर आणि जास्त वेळ बसलेल्या पाहुण्यांवर साचतं. पुसल्याशिवाय इथलं कुठलंच पान हिरवं नसतं. ही लव पानाचीच आहे, असं दिपालीने समजावलं. केसरीनाथांनी पान डोळ्यांशी धरून फुंकर मारली. थोडं उडालं, बाकीचं राहिलं.

"उडलं ते आपलं, राहिलं ते झाडाचं," त्यांनी निकाल दिला. फडकं सुटलं, रोजची फुंकर सुरू झाली.

झाड तगलं. फाल्गुनात पिवळी फुलं आली, आणि त्याच दिवशी केसरीनाथ मान खाली घालून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"दिपाली, झाड गेलं गो. फुलं कागदावानी वाजतात. मीच जोरानं फुंकला."

ती धावत वर गेली. फुलं खरंच कुरकुरत होती, देठ मात्र ताठ होते. ही जातच अशी, झाडावरच वाळलेली, हे सासऱ्यांना पटवायला तिला आठवडा लागला.

पाडव्याला तोरण झालं. एकाच झाडाचं, म्हणून जेमतेम वीतभर. दाराला पुरेना. राहीबाईंनी ते घेतलं आणि देव्हाऱ्याला बांधलं. तिथली चौकट वीतभरच होती.

केसरीनाथ अजून रोज तोरणाला फुंकर मारतात. पण लांबून, हळूच.