एकही अंगठा नाही

शिरूरच्या शिबिरात मोनालीला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या त्या चौदा या आकड्याला. तिच्या वस्तीतल्या चौदा बाया जन्मभर अंगठा देत आल्या होत्या, त्या दोन महिन्यांत सही करायला लागल्या. संस्थेच्या ताईंनी तक्त्यावर तो आकडा लाल स्केचपेननं लिहिला आणि खाली लिहिलं, गावपातळीवरचं युवा नेतृत्व. आता एवढं ऐकून एसटीत बसलेल्या पोरीचा पाय जमिनीला लागतोय होय! त्यातून परवाच्या सव्वीस जानेवारीला ग्रामसभेत उभं राहून बोलायचं होतं.

काय बोलायचं ते तोंडपाठ होतं. बौद्ध वस्तीतलं समाजमंदिर पोरांच्या अभ्यासिकेला कायमचं द्यावं, एवढंच. दहावी-बारावीची सात-आठ पोरं रोज तिथं एका बल्बखाली बसत. घरी अभ्यास म्हणजे चुलीचा धूर आणि धाकट्यांची भांडणं. मोनालीही तिथंच बसून बारावी झाली होती. पोरं यायच्या आधी तासभर तिचा बायांचा वर्ग भरे, आणि तिची आई सोजरबाई पाटी मांडीवर घेऊन पहिल्या ओळीत.

वर्ग कसला, सह्यांचा कारखाना म्हणा. शिबिराच्या फॉर्मवर रकानाच होता, सही करू लागलेल्या महिलांची संख्या. मग आमच्या मोनाली बाईसाहेबांनी प्रत्येकीला तिचं नाव तेवढं गिरवायला लावलं, शंभरदा, दोनशेदा. बाकीची अक्षरं कशाला? एसटीची पाटी वाचता कधी येणार, असं सोजरबाईनं एकदा विचारलंही होतं. ते मागून बघू, आधी सही, असं मोनालीनं सांगून टाकलं. आणि रोज बजावत होती, कुणीही कागद पुढं केला तरी अंगठा द्यायचा नाही, ताठ बसून सही करायची.

सव्वीसला झेंडावंदन झालं, शाळेच्या पोरांना गोळ्या वाटून झाल्या, आणि पंचायतीसमोर सतरंजी पडली. वीसेक पुरुष आणि मागं तीन-चार बाया. मोनाली उभी राहिली. शिबिरात शिकवलं होतं तसं आधी नाव सांगितलं, मग मुद्दा. आवाज कापला नाही. पोरगी बोलायला तयार झाली, म्हणून सरपंचांनी कौतुक केलं. मग ग्रामसेवक भाऊसाहेबांनी चष्मा पुसून रजिस्टर उघडलं.

महिलांची ग्रामसभा म्हणे गेल्या आठवड्यातच झाली होती. झाली म्हणजे काय, आमच्या गावात सभा भरत नाही, फिरते. भैरू शिपाई रजिस्टर काखेत मारून दारोदार जातो आणि शेवटच्या दाराला सभा संपते. मोनाली शिरूरला टाळ्या घेत होती तेव्हा तो वस्तीत येऊन गेला होता. समाजमंदिर वापराविना पडून आहे, सबब ते लेबर ठेकेदाराला कामगार ठेवण्यासाठी पाच वर्षं द्यावं, असा ठराव होता. सणसवाडीच्या कारखान्यांजवळ कामगारांना खोल्या पुरत नव्हत्या.

"ठराव तुमच्याच वस्तीच्या बायांनी केलाय," भाऊसाहेब म्हणाले आणि रजिस्टर तिच्याकडं वळवलं. "बघ, एकही अंगठा नाही. तुझंच काम ना हे? शाब्बास."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरंच कौतुक होतं, तेच वाईट. पहिली सही सोजरबाईची, मग रंगुबाई, बानूबाई, खाली अकराजणी. मोनालीनं गिरवून घेतलेलं ते ठसठशीत अक्षर. तिला राग यायला हवा होता. आला नाही. सह्या खोट्या आहेत म्हणावं तर त्या खऱ्या होत्या, आणि बायांना वाचता येत नाही म्हणावं तर वाचायला शिकवलं कुणी नाही? शिबिरात मध्येच कुणी अडवलं तर काय बोलायचं ते शिकवलं होतं. इथं कुणी अडवलंच नव्हतं. ती खाली बसली. सभेनं पुढचा विषय घेतला, गटाराचा.

संध्याकाळी समाजमंदिराला ठेकेदाराचं कुलूप होतं. पोरं दप्तरं घेऊन आली, कुलूप बघून परत गेली. बाया मात्र पाट्या घेऊन सरळ मोनालीच्या अंगणात येऊन बसल्या. सोजरबाईचा चेहरा उजळलेला.

"माझी सही पाह्यलीस का गं? भैरू म्हनला, समद्यात चांगली तुझीच हाय."

"पाहिली. चांगली हाय, आये."

"कागुद कशाचा व्हता?"

मोनालीनं सांगितलं. हळू नाही, मोठ्यानं नाही, गटाराचा विषय सांगावा तसं. रंगुबाईनं पाटी पालथी ठेवली.

"तूच म्हनली व्हतीस," सोजरबाई म्हणाली, "कुनी कागुद पुढं केला की सही करायची."

"व्हय. मीच म्हनले व्हते."

सोजरबाईनं पदराच्या टोकानं आपली पाटी पुसली. सबंध पुसली, नावसुद्धा. मग ती लेकीपुढं सरकवली.

"मंग आता वाचायचं शिकव."

मोनालीनं पेन्सिल हातात घेतली. चौदाजणी तिच्या हाताकडं बघत बसल्या होत्या, आणि कुठल्या अक्षरापासून सुरू करायचं ते तिला सुचत नव्हतं.