डाव्या काठावरचा दोर

दोराला तोंड नसतं, नुसती दोन टोकं असतात. त्यातल्या एका टोकाने मी बोलतोय असं समजा. माझी लांबी वीस मीटर. रंग पिवळा, मधून एक लाल धागा. मला फार काही येत नाही. मी पाण्यावर तरंगतो आणि ओढ सहन करतो, बस.

मला एका यंत्राने विणलं. शेवटी तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी मला पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत बोटांतून सरकवलं. त्या शेजारणीशी नातवाच्या दातांबद्दल बोलत होत्या, पण बोटांचं लक्ष माझ्याकडेच होतं. "ह्यात काही नाही," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. माणसाची बोटं म्हणजे काय, ते मला तिथे पहिल्यांदा कळलं.

तिथून मी राष्ट्रीय महिला राफ्टिंग संघाकडे आलो. हा खेळ असा : रबराची हवा भरलेली राफ्ट, तिच्यात सहा जणी, प्रत्येकीच्या हातात वल्हं, आणि खाली दगडांवरून उसळत धावणारी नदी. मी राफ्टमध्ये नसतो. मी एका लाल पिशवीत, काठावर असतो. कुणी पाण्यात पडलं आणि वाहत आलं, तर काठावरचा माणूस माझं एक टोक हातात धरतो आणि पिशवी तिच्याकडे फेकतो. पिशवीतून मी सुटत जातो. ती मला धरते, माणूस तिला काठाला घेतो. ज्या दिवशी मला काही काम पडत नाही, तो चांगला दिवस.

आमचा काठावरचा माणूस म्हणजे मामा. ते कॅप्टनचे सख्खे मामा, म्हणून सगळ्या संघाचेच मामा. आधी एका जलतरण तलावावर पोहायला शिकवायचे. रोज सरावाआधी ते मला पूर्ण बाहेर काढत, हाताखालून घालत आणि मूठमूठ करून परत पिशवीत कोंबत. मला गुंडाळून ठेवायचं नसतं. गुंडाळला की दोर सुटताना अडकतो.

"मामा, घरी कपाटपण असंच लावता का हो? मामी काही बोलत नाहीत?" हे विचारणारी रेडिओ.

ती राफ्टमध्ये पुढे डावीकडे बसायची. तिला सगळे रेडिओच म्हणत, कारण ती बंद होत नसे. उसळत्या पाण्यातही तिची बडबड चालू. मागून कॅप्टन ओरडायची, "आवाज कमी कर गं!" आणि पुढून उत्तर यायचं, "बटण तुटलंय, कॅप्टन!"

जागतिक स्पर्धेला आठ आठवडे होते तेव्हाची गोष्ट. वर डोंगरावर बर्फ वितळत होतं आणि नदी फुगली होती. तासभर त्याच पाण्यात सराव झाला होता. शेवटच्या फेरीला कॅप्टनने उजवीकडची वाट घेतली, राफ्ट एका दगडावर चढली आणि उलटली. तिघी उलट्या राफ्टला धरून राहिल्या, दोघी पलीकडच्या काठाला लागल्या. रेडिओ एकटी मधल्या धारेत सापडली आणि बरंच अंतर वाहत आमच्याकडे आली.

मामा ओरडले, "दोर!" आणि त्यांनी मला फेकलं.

मी तिच्या खांद्यावर पडलो. इतकी नेमकी फेक माझ्या वाट्याला त्याआधी आली नव्हती, नंतरही आली नाही. तिने मला दोन्ही हातांनी धरलं, शिकवल्याप्रमाणे छातीशी घेतलं. मामा खाली बसले, टाचा दगडाला लावल्या. मी ताणला गेलो.

हे पुढचं मलाच माहीत आहे. आधी माझ्यावर दहा बोटं होती. मग बोटं होती, पण त्यांत कुणी नव्हतं. ती आपल्या हातांकडे बघत होती. म्हणाली, "मामा, हात..." आणि तिचे हात माझ्यावरून सरकत गेले. हळूच, एखादा ओला कपडा सरकावा तसे. पुढे पिशवी आली. पिशवीवरूनही सरकले.

दीड तासाने ती खालच्या पुलापाशी सापडली. गेली होती. मी तेव्हा काठावरच्या दगडांवर तसाच ओला पडून होतो.

चौकशी झाली. तीन जणांनी मला मोजलं, ओढून पाहिलं आणि लिहिलं : दोर निर्दोष, फेक वेळेत. मामांनी न वाचता सही केली. त्यांच्या मनात होतं की आपण फार जोरात ओढलं. कॅप्टनच्या मनात होतं की आपण वाट चुकीची घेतली. दोघं एकाच गाडीतून घरी जात आणि गाडीत कुणी काही बोलत नसे. खरं काय ते माझ्यापाशी होतं, पण दोराला कोण विचारतं?

स्पर्धेला जायचं की नाही, हे विचारायला मामा आणि कॅप्टन रेडिओच्या आईकडे गेले. ती शाळेची बस चालवते. मामांच्या कमरेला मी होतोच, काढायचं राहून गेलं होतं. ती बसच्या पायऱ्या धूत होती. बादली खाली न ठेवता म्हणाली, "तुम्ही गेलात काय, नाही गेलात काय, मला सकाळी सातला बस काढायचीच आहे. जा."

म्हणून संघ गेला. रेडिओच्या जागी राखीव खेळाडूंमधली एक आली. तिला नाव पडायला वेळच मिळाला नाही, सगळे तिला नवी म्हणू लागले.

बावीस देशांचे संघ आले होते. झेंडे होते, बँड होता, मोठ्या पडद्यावर सगळ्यांचे चेहरे दिसत होते. आमच्या मुली सांगितलं तिथे उभ्या राहिल्या, सांगितलं तेव्हा त्यांनी हात हलवला. जेवणाच्या हॉलमध्ये आमचंच टेबल शांत असायचं. नवी आधी सगळ्यांच्या ताटांकडे बघायची आणि मगच घास घ्यायची, जणू काही परवानगी लागत होती.

चार शर्यती होत्या. छोट्या शर्यतीत आम्ही अकरावे आलो. दोन राफ्टच्या झुंजीत पहिल्याच फेरीत बाहेर. पाण्यावर टांगलेल्या फाटकांतून जायची शर्यत होती, तिच्यात दोन फाटकं सुटली. कुणी कुणावर चिडलं नाही. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मला काहीच वाटत नाहीये," नवी वल्हं पुसता पुसता म्हणाली.

"मलापण नाही," कॅप्टन म्हणाली. "उद्याची एक झाली की संपलं."

उद्याची, म्हणजे लांब पल्ल्याची. त्या दिवशी प्रत्येक देशाच्या काठावरच्या माणसाला एकेक जागा दिली होती. समोर कुणाचाही संघ असो, जो वाहत येईल त्याला दोर टाकायचा. मामांना डाव्या काठावर तिसऱ्या धबधब्याच्या खालचा एक सपाट दगड मिळाला. तीसेक पावलं खाली दुसऱ्या देशाची एक पिकल्या केसांची बाई निळी पिशवी घेऊन उभी होती. भाषा जुळेना, म्हणून तिने येऊन अर्धं संत्रं दिलं आणि परत आपल्या जागी गेली. मामांनी ते खाल्लं नाही, दगडावर ठेवलं. ऊन छान पडलं होतं.

दोन-दोन मिनिटांच्या अंतराने राफ्ट सुटल्या. पाचवी राफ्ट धबधब्यावरून आली ती आडवी झाली आणि उलटली. लाल हेल्मेटची एक मुलगी सरळ आमच्याकडे वाहत आली.

मामा उभे राहिले. डाव्या हातात माझं टोक, उजव्यात पिशवी. त्यांनी हात मागे नेला, वर नेला.

आणि मी गेलो नाही.

ती आठ मीटरवरून गेली. तिचं तोंड आमच्याकडे होतं. तिने हात वर केला, मग आणखी वर केला. मामांचा हातही वर होता. मी पिशवीत होतो. एवढ्यात खालून निळा दोर सपकन आला, मुलीने तो धरला, आणि पिकल्या केसांच्या त्या बाईने तिला काठाला घेतलं. मुलगी खोकली, ओकली, मग आपल्या भाषेत काहीतरी सणसणीत बोलली. ठीक होती.

त्याच वेळी, पाचवीला जवळजवळ गाठलेली आमची राफ्ट धबधब्यावरून खाली आली. मागे बसलेल्या कॅप्टनने सगळं पाहिलं : मुलगी, निळा दोर, आणि हात वर करून पुतळ्यासारखा उभा असलेला आपला मामा. राफ्ट पुढे निघून गेली. त्या शर्यतीत आम्ही नववे आलो. चारांतला तो सगळ्यांत चांगला नंबर, पण तो बघायला कुणी फलकाकडे गेलं नाही.

तंबूत मामा एका खोक्यावर बसले होते, मी त्यांच्या पायाशी. कॅप्टन हेल्मेट न काढताच आत आली.

"मामा, दोर का नाही टाकलास?"

"हात उघडला नाही."

"उघडला नाही म्हणजे काय?"

"म्हणजे उघडला नाही, बाळा. मी आतून सांगत होतो त्याला, टाक, टाक. तो ऐकेना. माझा नव्हताच तो हात."

"ती मेली असती."

"हो."

"ती बाई नसती तर मेली असती, मामा!"

"हो म्हटलं ना."

नवी वल्ही धुऊन आत आली होती आणि दारातच थांबली होती. ती संघात आल्यापासून कुणाच्या बोलण्यात पडली नव्हती. आता पडली.

"तुम्ही उन्हात होतात ना, मामा?"

"हो."

"कोरडे होतात. हातमोजे होते."

"होते."

"तरी हात उघडला नाही."

"नाही उघडला."

"मग रेडिओचा त्या बर्फाच्या पाण्यात कसा मिटून राहिला असता?"

बाहेर राफ्टवर पाण्याचा पाइप मारत होते, त्याचा आवाज येत होता. मला वाटलं आता दोघं रडतील. कोणी रडलं नाही. कॅप्टनने हेल्मेटचा पट्टा सोडला, हेल्मेट काढलं आणि खोक्यावर मामांच्या शेजारी बसली. खोका दोघांना पुरत नव्हता. तरी बसली.

हेल्मेट मांडीवर ठेवत म्हणाली, "मी ती वाट पन्नास वेळा घेतलीय, मामा. पन्नास वेळा नीट गेलोय आम्ही."

"माहीत आहे मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. मीपण नाही विचारलं तुला काही."

मग ती उठली. "चल. त्या बाईंना भेटून येऊ."

आधी मामा पंचांकडे गेले आणि सांगितलं, "दोर टाकायचं काम माझं होतं. मला जमलं नाही. असं लिहून घ्या." पंच बघतच राहिला, पण त्याने लिहून घेतलं. मग ते पिकल्या केसांच्या बाईकडे गेले. त्यांनी आपला उजवा हात पुढे करून दाखवला. तिला कळलं असावं. तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि थंडीत मुलांचे हात चोळतात तसा चोळत राहिली.

परत आल्यावर मामा रेडिओच्या आईला भेटायला बसच्या आगारात गेले. दुपारची वेळ, मुलांना सोडायला अजून अवकाश होता. मामांनी सगळं सांगितलं, आपल्या न उघडलेल्या हातासकट. ती बसच्या पायरीवर बसून ऐकत होती.

"तिने हाताला गुंडाळून घ्यायला हवा होता का दोर?"

"नाही, ताई. ते आम्हीच करू देत नाही. गुंडाळला की पाणी माणसाला खाली दाबतं, मग सुटता येत नाही."

"म्हणजे तिचं बरोबर होतं."

"सगळं बरोबर होतं तिचं."

"काही बोलली का?"

हे मामांनी चौकशीतही सांगितलं नव्हतं. "'मामा, हात.' एवढंच."

"एवढंच?" ती म्हणाली. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "जन्मात इतकं कमी बोलली नव्हती कधी."

मग तिने मला मागून घेतलं. पिशवीतून पूर्ण बाहेर काढलं आणि बसच्या कडेने जमिनीवर सरळ पसरलं. "कुठे धरलं होतं तिने?" मामांनी वाकून जागा दाखवली. ती खाली बसली आणि तिथे मला दोन्ही हातांनी धरलं. घट्ट. स्टिअरिंग धरून निबर झालेले तळवे होते, ऊनऊन. किती वेळ धरलं, मला सांगता येणार नाही. मग तिने घड्याळाकडे पाहिलं, एकेक बोट सैल केलं आणि मला जमिनीवर ठेवलं. तिने मला सोडलं.

सोडणं कसं असतं ते मला तेव्हा समजलं. त्यात माणूस असतो, एकेका बोटात असतो. नदीत झालं ते सोडणं नव्हतंच.

तिने बस सुरू केली आणि गेली.

आता माझं वय झालं. नियमाप्रमाणे मला पाण्यावर नेत नाहीत. नव्या मुली मला मैदानातल्या गवतावर फेकायला शिकतात. माझा लाल धागा जागोजागी तुटलाय. मामाच शिकवतात. त्यांचा हात बहुतेक वेळा उघडतो. एखाद्या दिवशी नाही उघडत. तेव्हा ते लपवत नाहीत. तसेच हात वर धरून थांबतात आणि मुलींना सांगतात, "बघा, असंही होतं. म्हणून काठावर कधी एकटं उभं राहायचं नाही."

माझं मागणं एवढंच आहे. कुणाचा हात तुमच्या हातातून गेला, तर त्याने सोडला असं लगेच म्हणू नका. तुमच्या हातून कुणी गेलं, तर मी सोडलं असंही म्हणू नका. मी मधे होतो. मला दोन्ही बाजूंचे हात कळत होते. दोन्हीकडून धरलेलं होतं.