हलक्या हाताचे ठोके

"वाजवायचं मी बघते. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं तू बघ, ताई," धाकटीनं दुपारीच बजावलं होतं.

थोरलीला त्यात अवघड काही वाटलं नव्हतं. दोघी सख्ख्या जावा. धाकटी ड्रम वाजवायची, थोरली सभागृहांमधली ध्वनियंत्रणा सांभाळायची. "एक आवाज करते, दुसरी तो वाढवते. मी कान कुठे ठेवायचे?" असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

इतकी वर्षं धाकटी गायकांच्या मागे, पार कोपऱ्यात बसून वाजवत आली होती. आज मंचावर गायकच नव्हता. ती होती, आणि समोर मांडीवर हातानं वाजवायचा ढोल घेतलेले काका. ते नक्की कोणाचे काका हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळे त्यांना काकाच म्हणत.

सभागृहाच्या व्यवस्थापकानं तारीख दिली ती नाक मुरडतच. "नुसती बडवाबडवी कोण ऐकणार, बाई? मध्येच लोक उठून गेले, तर पुन्हा तारीख मागायला येऊ नका."

पण सुरुवात अशी दणक्यात झाली, की व्यवस्थापकाचा पायही ताल धरू लागला. धाकटी जोरात वाजवतानाही खांदे उचलत नसे. सगळं काम मनगटाचं. काठी कातड्यावर पडायची आणि उसळी घेऊन आपोआप वर यायची, ती उसळी धाकटी वाया घालवत नव्हती. काका ढोलावरून तिचं तालातलं वाक्य मध्येच तोडायचे, ती हसून ते दुसऱ्याच टोकाकडून पुन्हा सुरू करायची. टाळ्या पडल्या.

मग दोघांनी आवाज उतरवायला घेतला. याच भागासाठी धाकटीनं घरात उशीवर काठ्या चालवून सगळ्यांना वात आणला होता. आवाज उतरत उतरत गेला आणि अचानक नाहीसा झाला. मंचावर हात चालू होते. स्पीकर मुके होते.

"माइक गेला वाटतं," कुणीतरी म्हणालं. मधल्या रांगेतलं एक जोडपं पिशव्या सावरत उठलं.

व्यवस्थापक लगबगीनं थोरलीच्या टेबलाशी आला. "घ्या! म्हटलं होतं ना मी?"

माइक गेला नव्हता. थोरलीच्या ते एका क्षणात लक्षात आलं, आणि आपलंच चुकलंय हेही. छतातल्या एसीची घरघर माइकमध्ये शिरत होती, म्हणून दुपारी तिनं मिक्सरवर एक मर्यादा घालून दिली होती: त्याखालचा आवाज स्पीकरला द्यायचा नाही. मर्यादा कुठे ठेवायची ते ठरवलं चाचणीच्या ठोक्यांवरून. आणि चाचणीला वाजवा म्हटलं, की जगातला कुठलाही वादक जोरातच वाजवतो! आता यंत्र इमानेइतबारे घरघरीबरोबर धाकटीचे ठोकेही गाळत होतं. मर्यादा काढली, तर ठोके घरघरीत बुडणार.

तिनं मान वर करून सभागृह पाहिलं. लाकडी छत, उतरत्या रांगा, उघडा मंच. खोलीचा आवाज तिनं दुपारी मोजला होता. एसी सोडला, तर ही खोली चांगलीच शांत होती.

"एसी बंद करा," ती म्हणाली.

"काय?"

"तुमच्या मागच्या भिंतीवर बटण आहे. बंद करा."

"अहो, भरलेलं सभागृह आहे! लोक उकडून निघतील!"

"निघू देत. उठून जाण्यापेक्षा बरं."

"आणि तरी ऐकू नाही आलं तर?"

"येईल."

तिच्या आवाजात असं काही होतं, की व्यवस्थापकानं पुटपुटत का होईना, बटण दाबलं. घरघर थांबली. थोरलीनं मिक्सरवरच्या आवाजाच्या सगळ्या सरकत्या कळा एकापाठोपाठ तळाशी ओढल्या. स्पीकर आता पूर्ण बंद.

आणि आवाज आला.

मंचावरून, थेट. काकांचं बोट ढोलाच्या काठावरून घसरत होतं, त्याची बारीक सुरसुर. धाकटीच्या काठीची टोकं कातड्यावर नुसती टेकत होती. दोन ठळक ठोक्यांच्या मधली अगदी हलक्या ठोक्यांची ती पेरणी, जिच्यामुळे ताल चालतो असं वाटतं. काकांचा डावा हात थोडा मागे रेंगाळत होता, मुद्दाम, आणि धाकटी तेवढीच जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवत होती.

उठलेलं जोडपं होतं तिथेच, रांगेच्या मधोमध, थांबलं. मागचं कुणी "बसा हो!" म्हणालं, तेही कुजबुजत. माणसं पुढे झुकली. ज्याला खोकला आला, त्यानं तो रुमालात दाबला.

धाकटीनं एकवार टेबलाकडे पाहिलं. थोरलीनं दोन्ही तळवे उघडे करून दाखवले: यंत्र नाही, तूच. धाकटीनं ओठ दाबून हसू आवरलं आणि हात आणखी हलका केला.

"आता कळा वर करा," व्यवस्थापक कानाशी पुटपुटला. घामानं त्याची कॉलर भिजली होती. "ते जोरात वाजवायला लागतील, तेव्हा स्पीकर नकोत का?"

"लागू देत. पुरेल."

दोघं हळूहळू चढत गेले. पुरलं, छतापर्यंत भरून उरलं. इतक्या कार्यक्रमांत थोरलीचे हात कायम कळांवर असायचे, त्यामुळे टाळ्या वाजवणं तिला कधी जमलंच नव्हतं. शेवटचा ठोका पडला, तेव्हा सभागृहात सगळ्यांत आधी वाजल्या त्या तिच्याच टाळ्या.