माझी निळी सवत

मी बादली बोलतेय. लाकडी बादली. इंग्लंडातल्या हेरफर्डशायरच्या प्रोबर्टांच्या सायडरघरात दाराशेजारच्या खुंटीवर माझा मुक्काम असतो.

माझ्या फळ्या ओकच्या, त्यांना आवळणारी कडी हेझलच्या काटक्यांची. अंगावर लोखंडाचा एक खिळा नाही. सफरचंदाच्या रसाला लोखंड लागलं की तो आंबवून केलेली दारू, म्हणजे सायडर, काळी पडते, हे म्हाताऱ्या एमोस प्रोबर्टला त्याच्या आजीनं चापट मारून शिकवलं होतं. ऑक्टोबरात चरकातून रस निघाला की तो पिंपापर्यंत न्यायचा मान माझा. एकवीस वर्षं तो माझाच होता.

मग एमोसची धाकटी सून म्युरिएल मध्ये आली. तिनं लेमिन्स्टरच्या जत्रेतून एनॅमलचा लेप दिलेली लोखंडी बादली आणली. निळी, गुळगुळीत, काठाला पांढरी रेघ. मला कितीही घासा, कालच्या रसाचा वास जात नाही. ती मात्र एका फडक्यात नवी नवरी.

एमोसनं आधी नाक मुरडलं. म्युरिएल म्हणाली, आतून-बाहेरून लेप आहे, लोखंडाला रसाचं तोंडसुद्धा दिसायचं नाही. मग त्यानं कमरेची किल्ली चाचपली.

"बरं, यंदाची सायडर तुझी. जूनमध्ये गवत कापणाऱ्यांनी पिऊन पुन्हा पेला पुढे केला, तर सायडरघराची किल्ली तुला."

या किल्लीवर थोरली जाऊ बर्था डोळा ठेवून होती. म्युरिएलला त्या घरात तीन वर्षं झाली होती, पण आपलं म्हणावं असं एक कपाटही तिला मिळालं नव्हतं.

मी खुंटीवर, निळी माझ्या खाली फरशीवर. म्युरिएल तिला पुसताना गाणं गुणगुणायची. मला कधी कोणी गाणं ऐकवलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका सकाळी म्युरिएलनं दार जोरात लोटलं आणि मी निळीच्या काठावर पडले. पडले, असंच म्हणू या. काठाच्या आतल्या बाजूला नखाएवढा टवका उडाला. म्युरिएलनं माझ्या फळ्या तपासल्या, मला पुन्हा टांगलं. निळीत वाकून पाहिलं नाही. तीन आठवडे त्याच बादलीतून रस गेला. मी वरून पाहत होते आणि मला बरं वाटत होतं.

जून आला. गवत कापणारे कुंपणाच्या सावलीत बसले. म्युरिएलनं स्वतः पेले भरले. सायडर मधासारखी पिवळी होती. त्यांनी पाव आणि चीज कापेपर्यंत ती हवा लागून काळवंडली.

त्यांचा म्होरक्या एनॉक पेल्यात डोकावला. "मालक, ही प्यायची की बुटांना लावायची?"

सगळे हसले. बर्थाचं हसू सगळ्यांत शेवटी थांबलं. एमोसनं आपला पेला तळापर्यंत रिकामा केला, पण पुन्हा पुढे केला नाही. मग त्यानं निळी उजेडात धरली, काठाच्या आतून अंगठा फिरवला आणि टवक्यावर थांबला.

"तुझा हात वाईट नाही, पोरी. किल्लीचं पुढच्या वर्षी बघू."

त्या दुपारी म्युरिएल सायडरघरात आली आणि माझ्या फळ्यांना कपाळ टेकवून रडली. "तुझ्यावरच विश्वास ठेवायला हवा होता," म्हणाली. एकवीस वर्षांत माझ्याशी कोणी बोललं ते हे एवढंच.

पुढचं वर्ष एमोसनं पाहिलंच नाही. किल्ली बर्थाच्या कमरेला गेली. रस नेण्याचा मान मला परत मिळाला, पण म्युरिएलला आता दार उघडायचं तर आधी जावेला विचारावं लागतं. निळी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. तिच्यात लाल जिरेनियम फुललंय, आणि तिला पाणी घालताना म्युरिएल अजूनही गुणगुणते. मला इथवर ऐकू येतं, आणि अजूनही जळतंच.

तुमच्या घरी दोन बादल्या असतील, तर एकीच्या डोक्यावर दुसरी टांगू नका. म्युरिएल अजून सगळ्यांना सांगते की त्या दिवशी खुंटी सैल होती. खुंटी पक्की होती.