एजियसला नाचवू नका

खैरुद्दीनचं, माझ्या धाकट्याचं, लग्न झालं ते २०२३ साल. लग्न उरकून मी शारजाला रोल्ला भागात सायराकडे, म्हणजे लेकीकडे, राहायला आलो. त्याच हिवाळ्यात नातीच्या शाळेत ते नाटक बसलं आणि माझं डोकं फिरलं.

गोष्ट ग्रीकांची. क्रीट बेटावर भुलभुलैयात एक राक्षस, धड माणसाचं, डोकं बैलाचं. त्याला खायला अथेन्सहून पोरं पाठवायची. राजपुत्र थिसियस म्हणाला, मी जातो, त्याला मारतो. बापाने, एजियस राजाने, एकच मागितलं. जाताना शीड काळं आहे, जिवंत परतलास तर पांढरं चढव, म्हणजे मला कड्यावरून दिसेल. पोराने राक्षस मारला आणि शीड काळंच ठेवून परत आला. ते बघून बापाने समुद्रात उडी टाकली.

नात एमान सहावीत. नाटकात ती राजाची नोकर, तिला एकच वाक्य, अगदी शेवटचं. एक दिवस दप्तर फेकून रडायला लागली.

"नाना, दे कट माय लाइन! आता व्हाइट सेल येतं आणि सगळे डान्स करतात."

"आणि बाप?"

"ही इज ऑल्सो डान्सिंग."

दुसऱ्या दिवशी सायराला घेऊन दुबईत ऊद मेथाला तिची शाळा गाठली. ती वाटभर सांगत होती, "अब्बा, भांडू नका हां, मला रोज तिथे तोंड दाखवायचंय."

हॉलमध्ये तालीम चालली होती. थिसियस झालेला तनिष पुठ्ठ्याचं बैलाचं मुंडकं हवेत नाचवत होता, पोरं टाळ्या पिटत होती. नाटक बसवणाऱ्या आभा मॅडम पुण्याच्या.

मी विचारलं, "मॅडम, राक्षस मेलेला चालतो, बाप मेलेला चालत नाही?"

"चाचा, ॲन्युअल डे आहे. पेरेंट्स हसत घरी जायला हवेत. मुलगा शीड बदलायला विसरला, एवढंच ना?"

"एवढंच? मी गलबतावर तांडेल होतो, खलाशांचा म्होरक्या. आमच्या खाडीच्या तोंडाशी आलं की पहिला बावटा चढवायचा, सगळे सुखरूप आहेत म्हणून. आधी बावटा, मग घोटभर पाणी. किनाऱ्यावर बायका जीव मुठीत धरून उभ्या असतात. आणि शीड काय एकटा बदलतो? अख्ख्या गलबतात एकालाही आठवलं नाही? नाचत होते हरामखोर! ज्या पोरीने दोरा देऊन या थिसियसला भुलभुलैयातून बाहेर काढलं, तिलाही वाटेत बेटावर टाकून आला. त्याला तुम्ही हार घालता?"

"बट ही इज द हीरो, अंकल," तनिष म्हणाला.

"हीरो? थांब, तुला..."

सायराने माझा हात ओढला. "अब्बा, खलास! पुरे आता!"

मॅडमने पोरांना बाहेर घालवलं, दार लावलं आणि माझ्यावर उखडली. "मला कळत नाही वाटतं तुम्हाला? मागच्या ॲन्युअल डेला माझा फोन सायलेंटवर होता. पुण्याहून भाऊ कॉलवर कॉल करत होता. वडिलांना माझ्याशी बोलायचं होतं. मी इथे या मुलांबरोबर नाचत होते. स्टेजवरून उतरले तेव्हा सगळं संपलं होतं. तो सीन मला रोज बघायचा नाहीये!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण राग गिळवेना.

"म्हणून त्या बापालाच नाचायला लावलंत?"

सायरा ओरडली, "अब्बा!"

मॅडमने जमिनीवर पडलेलं ते मुंडकं लाथेने उडवलं, दार उघडलं आणि एमानला हाक मारली. "काळा कपडा कुठे ठेवलाय? आण. आणि तनिष, नाच थांबवायचा नाही. ती बोलेपर्यंत नाचत राहायचं."

कार्यक्रमाला हॉल भरला होता. तनिष मुंडकं घेऊन आला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मागून काळं शीड आलं तरी कुणाच्या ध्यानात येईना. पोरं नाचतच होती. एमान पुढे झाली, थिसियसच्या छातीवर बोट रोखलं आणि घसा फाडून म्हणाली, राजा एजियस मेला. आज मेला, तुझं गलबत बंदरात शिरायच्या आधी.