माझी कापलेली शेपूट

मी लाटेवर स्वार होणाऱ्यांच्या पायाखालची फळी बोलतेय. लाकूड कोआ झाडाचं, गाव हवाई बेटांवरचं वाइकिकी. आधी माझ्या शेपटीकडे बघा. सगळी गोष्ट तिथंच आहे.

फळ्या बनवणाऱ्या नाहिनूने डोंगरात माझं झाड पाडलं, तेव्हा मुळाच्या खड्ड्यात लाल कुमू मासा पुरला. झाड घेतलं की समुद्राचं काहीतरी मातीला द्यायचं, ही तिथली जुनी रीत. मग त्याने मला वाडवडिलांच्या मापाने तासलं. लांब, जड, मागे रुंद. पोवळ्याच्या दगडाने घासलं, तेल चोळलं आणि मुलाच्या, केआवेच्या, हवाली केलं.

मंद लाटेवर मी राणीसारखी चालायचे. पण केआवेला भिंतीसारखी उभी लाट आवडायची. एका सकाळी तशाच लाटेवर माझी रुंद शेपूट घसरली, मी आडवी झाले आणि तो खडकावर आपटला. मी किनाऱ्याला लागले. तो नाही लागला.

नाहिनूने मला पडवीत पालथं टाकलं. तीन वर्षं! पालींनी माझ्याखाली संसार थाटला.

मग एक दिवस त्याच्या लेकीने, लेइमोमीने, मला ओढत अंगणात आणलं.

"बाबा, हिची शेपूट निमुळती करू या. रुंद आहे म्हणून पाणी धरत नाही, घसरते."

"आजोबांचं माप आहे ते! कालची पोर मला शिकवणार?"

"आजोबा उभ्या लाटेवर जायचे का?"

नाहिनूने माझ्या शेपटीवर हात ठेवला. "म्हणजे माझ्या हातानं गेला तो. असंच ना?"

"तसं नाही म्हणत मी. पण उद्या मी जाणार आहे. हिला अशीच घेऊन जाऊ?"

तो समुद्राकडे निघून गेला. लेइमोमीला वाटलं, रागावला. दुपारी परतला तो हातात लाल कुमू घेऊन. कुऱ्हाड त्यानेच उचलली. पहिला घाव घालताना म्हातारा हमसून रडला. मलाही दुखलं, पण ते दुखणं मला हवंच होतं. कापलेला तुकडा त्याने नारळाखाली पुरला आणि शेजारी मासा ठेवला.

दुसऱ्या दिवशी उभ्या लाटेवर मी पहिल्यांदा पाणी धरलं. नाहिनू गुडघाभर पाण्यात उभा होता. लेक परतेपर्यंत जागचा हलला नाही.

आता मी भिंतीवर टांगलेली असते. फळ्या बनवणारे तरुण येतात, शेपटीचं माप घेतात, "काय डोकं चालवलंय!" म्हणतात. घ्या बाबांनो, खुशाल घ्या. फक्त एवढं लक्षात ठेवा, हे माप केआवेच्या जिवाच्या मोलानं मिळालंय. उभ्या लाटेला जुनं माप चालत नाही, हे कबूल करायला त्याच्या बापाला तीन वर्षं लागली. म्हणून तर त्या दिवशी लेइमोमी आणि मी, आम्ही दोघीही किनाऱ्याला लागलो.