योगिताच्या टाकीतली फणी

मित्रांनो, मी यंत्रमागाची फणी. मोठ्या कंगव्यासारखी, बारीक लोखंडी काड्यांची. साडीचे उभे धागे माझ्या फटींतून जात आणि प्रत्येक आडवा धागा मी ठोकून घट्ट बसवत असे. सुरतेतल्या लिंबायतच्या एका कारखान्यात मी सहा वर्षं राबले. माझा कारागीर सुकलाल दर सुट्टीला मला तेलाच्या चिंधीनं पुसायचा.

१९९६ साली माझ्या काड्या वाकल्या आणि मी भंगारात गेले. सुकलालनं माझा हातभर तुकडा कापून घरी नेला.

घरी त्याच्या मुलीची, योगिताची, दोन माशांची टाकी होती. योगिताची मैत्रीण ज्योती दोन महिन्यांसाठी गावी गेली होती. जाताना तिनं आपलं लाल पानांचं पाणझाड योगिताकडे सोपवलं. एकाची पाच करून परत द्यावीत, म्हणून योगितानं ते कापून त्याच्या पाच फांद्या केल्या. पण त्या पाण्यावर तरंगत. त्यांना खाली धरून ठेवायला जाळी हवी होती.

योगितानं प्लास्टिकची छोटी टोपली निवडली. "ही घेऊ?" तिनं हळूच विचारलं.

"टोपली?" सुकलाल मला पुढे करत म्हणाला. "लूमवाल्याच्या पोरीनं फणी सोडून टोपली घ्यायची?"

योगिताची आई शोभाबाई स्टोव्हपाशी बसून म्हणाली, "दिवसभर लूम, घरी बी लूम! आता मासे साडी विणतील का?"

सगळे हसले. योगितानं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि टोपली बाजूला ठेवली. खरं सांगते, मी मनातून फुलले. टोपलीला हरवल्याचा मला आनंद झाला.

सुकलालनं सवयीनं मला तेल चोळलं. "पाण्यात राहायचंय माय, गंजायला नको." योगितानं दोऱ्यानं फांद्या माझ्या काड्यांना बांधल्या आणि मला टाकीत ठेवलं.

माझ्या फटीफटीतलं तेल सुटून वर चढलं. पाण्यावर रंगीत साय धरली. दुसऱ्या दिवशी मासे हवेसाठी वर येऊन तोंडं उघडू लागले. मी सगळं पाहत होते, पण मला बोलता येत नव्हतं. चार दिवसांत दोन्ही मासे मेले आणि चार फांद्या कुजल्या. योगितानं मला बाहेर काढलं आणि आपली बोटं हुंगली.

"बाबा, तेल..."

सुकलाल आपल्या हातांकडे बघत बसला.

ज्योती परत आली तेव्हा योगिता आईच्या पाठीमागे उभी राहिली. सुकलालच पुढे झाला. उरलेली फांदी बरणीत घालून त्यानं तिच्या हातात दिली.

"पोरी, हिची काही चूक नाही. ती टोपलीच म्हणत होती. तेल मी लावलं."

ज्योतीनं बरणी छातीशी धरली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "मासे पण गेले का, काका?"

सुकलालनं मान हलवली. योगिता तेव्हा रडली.

मित्रांनो, तेल लावणारा हात मायेचाच होता. पण मला जे मानवतं ते माशांना मानवेल का, हे कुणीच विचारलं नाही. कुणाची काळजी घ्यायला जाल, तेव्हा आधी त्याच्यापाशी थोडं थांबा. त्याला काय लागतं ते बघा. आणि घरातलं लहान माणूस हळू आवाजात काही सांगत असेल, तर हसण्याआधी ऐकून घ्या.